बुंध्याशी काय केलंत, ते आधी सांगा

वाचकांचे प्रश्न, झाडवाल्याची उत्तरं : जून

रोहिणी लागल्या की माझा फोन वाजायला लागतो आणि मृग जवळ आला की थांबायचं नाव घेत नाही. वळवाच्या एका वाऱ्यात नाशिकच्या कॉलेज रोडला कुणाच्या तरी गाडीवर फांदी पडते, तिचा फोटो शहरभरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिलं वाक्य ऐकू येतं, "आमचं झाड जरा हलकं करून द्या." या महिन्याच्या पत्रांतही निम्मी तीच आहेत.

मी मूळचा निफाड तालुक्यातला, द्राक्षवाल्यांच्या घरातला. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी बघत वाढलो. त्यामुळे एक कबूल करतो. आमच्याकडच्या माणसाच्या हातात कात्री आली की ती थांबत नाही. द्राक्षवेलीला वर्षातून दोनदा कापावं लागतं, म्हणून जगातल्या प्रत्येक झाडाला ते हवं असतं, असं आम्हांला वाटतं. ही खोड मोडायला मला दहा वर्षं लागली.

प्रश्न : आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कडेला दोन गुलमोहर आहेत, वीस-बावीस वर्षांचे. एक कंपाउंडच्या बाहेर कललाय. सभासद म्हणतात पावसाआधी दोन्ही बुंध्यापर्यंत कापा, पुन्हा फुटतील. एक जण स्वस्तात कापून, लाकूडही उचलून न्यायला तयार आहे. काय करावं? (सोसायटीच्या सेक्रेटरी, इंदिरानगर)

ताई, लाकूड उचलून न्यायला जो आनंदाने तयार होतो, त्याला झाड किती कापावं हे विचारायचं नसतं.

सभासदांचं एक खरं आहे, झाड पुन्हा फुटेल. पण काय फुटेल ते बघा. मुंडण केलेल्या झाडाकडे अन्न करायला पानं उरत नाहीत. जीव वाचवायला ते कापलेल्या टोकाभोवती झुबक्याने फुटवे काढतं. मूळची फांदी खोडाबरोबर वर्षानुवर्षं वाढलेली, आतपर्यंत रुजलेली असते. हे फुटवे मात्र सालीलगतच्या थरातून निघालेले, वरच्या वर चिकटलेले. त्यांच्याखालचं कापलेलं लाकूड पावसात भिजून कुजत जातं आणि वर फुटवे जाड आणि जड होत जातात. तीन-चार वर्षांनी वारा येतो आणि अख्खा फुटवा सालीसकट निसटतो. म्हणजे आज पैसे देऊन तुम्ही पुढचा धोका विकत घेताय.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 1998 साली नाशिकरोडच्या एका बंगल्यातला रेन ट्री मी स्वतः बोडका केला होता. मालक खूश, मी खूश, दोन ट्रॉल्या लाकूड निघालं. चौथ्या पावसाळ्यात त्याच बंगल्यातून फोन आला. मांडीएवढा फुटवा पडवीच्या पत्र्यावर पडला होता. पडवीत कुणी नव्हतं, नशीब. फुटवा उलटा करून बघितला, तर जोडाच्या जागी तळहाताएवढाच ताजा पांढरा भाग. बाकी सगळं काळं, भुसभुशीत, बोटाने उकरून निघणारं. पत्रे मी माझ्या पैशाने बदलून दिले. त्या दिवसापासून कुणाचं झाड बोडकं केलं नाही.

आता तुमचे गुलमोहर. हे झाड मूळचं मादागास्करचं. लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, पसारा छत्रीसारखा आडवा. त्यामुळे तुमची भीती अगदीच खोटी नाही, पण ती योग्य जागी वाटली पाहिजे. वर बघायच्या आधी खाली बसा. बुंध्याला किंवा बुडाशी मुळांच्या फुगवट्यावर अर्ध्या बशीसारखी कडक, तपकिरी अळंबी चिकटलीय का? असेल तर आतलं लाकूड कुजतंय. लाकडी हातोडीने बुंधा सगळीकडून वाजवा. भरीव लाकूड आणि पोकळ लाकूड यांतला फरक तुम्हांला पहिल्या दोन मिनिटांत कळेल, त्याला माझी गरज नाही.

कललेल्या झाडाचं असं आहे, की कललेलं आणि कलतं यांत फरक करायचा. लहानपणापासून उजेडाकडे वाकलेलं झाड शेंड्याकडे पुन्हा सरळ झालेलं दिसतं आणि तसंच पन्नास वर्षं उभं राहतं. पण शेंड्यासकट अख्खं झाड एका रेषेत तिरपं झालंय, आणि कललेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाला मातीला भेगा पडल्यात किंवा जमीन उचललीय, तर मुळं सुटतायत. मग गाड्या त्याच दिवशी हलवा आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. या दोघांतलं काही नसेल, तर आत्ता फक्त वाळलेल्या, चिरलेल्या, लोंबकळणाऱ्या फांद्या काढा. हिरव्या फांद्यांची छाटणी पाऊस संपल्यावर, थंडीत. तेव्हाही एकूण पानोऱ्याच्या, म्हणजे झाडाच्या हिरव्या पसाऱ्याच्या, पाव हिश्शाहून जास्त नको. ओल्या हवेत केलेली मोठी जखम म्हणजे बुरशीला घरपोच आमंत्रण.

कापणाऱ्यासमोर उभं राहून एवढं मात्र बघा. जाड फांदी तीन कापांत उतरवतात. पहिला काप खोडापासून दीड फूट लांब, खालून, पाव जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. फांदी साल न ओरबाडता पडते. उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढायचा, पण खोडाला घासून नाही. फांदी जिथे खोडातून निघते तिथे मानेसारखी फुगीर वळी असते, तिच्या लगेच बाहेर. ती वळी शाबूत राहिली तर तिच्यातूनच नवी साल गोल फिरून जखम झाकते. अॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं, की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत बांधून तिला कोंडून टाकतं. वळी कापली की भिंत बांधणारा गवंडीच गेला.

आणि ताई, पार्किंगला पेव्हर ब्लॉक कधी बसवलेत, ते तुम्ही लिहिलं नाही. कललेलं झाड त्याच बाजूचं आहे का, ते बघून कळवा.

प्रश्न : मळ्यातल्या घरापुढे वडिलांनी लावलेला केशर आंबा आहे. यंदा एका बाजूच्या फांद्या वाळल्या. बुंध्याजवळ लाकडाचा भुसा पडतो. दुकानदाराने मुळाशी ओतायला औषध दिलं, फरक नाही. (शेतकरी, मखमलाबाद)

दादा, द्राक्षाच्या खोडकिडीत तुम्ही हा भुसा बघितला असेलच. आंब्यातली मोठी बहीण म्हणजे भिरूड. तिचा भुंगा राखाडी-तपकिरी, अंगावर पिवळसर-नारिंगी ठिपके, अंगापेक्षा लांब मिशा. पावसाच्या तोंडावर बाहेर पडतो आणि सालीच्या फटीत अंडी घालतो. अळी जवळजवळ वर्षभर लाकडातच राहते. म्हणून मुळाशी ओतलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

पहाटे, शेतात मोटार सुरू व्हायच्या आधी, बुंध्याला कान लावा. कुरकुर ऐकू येते. चेष्टा करत नाही. मागच्या वर्षी दिंडोरी रोडच्या एका आंब्यावर मला छिद्र सापडेना, ते मी कानाने शोधलं. जवळची सैल साल पटाशीने खरवडली, तर खाली पेन्सिल जाईल एवढं भोक आणि त्यातून रसात भिजलेला, खवलेल्या नारळाच्या चवासारखा ओला भुसा. सायकलच्या ब्रेकची तार घेतली, टोक आकडीसारखं वाकवलं आणि हळूहळू फिरवत आत सोडली. एक हात तार आत गेली, मग काहीतरी मऊ लागलं. ओढून काढली तर माझ्या मधल्या बोटाएवढी, पिवळसर पांढरी, बिनपायांची अळी, तपकिरी डोक्याची. घरातल्या लेकरांनी ती बरणीत ठेवून शाळेत नेली.

अळी सापडो न सापडो, भोक साफ करून पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सरकवा आणि तोंड चिखलाने लिंपून टाका. त्या वेळी जवळ कुणी बिडी ओढणार नाही, एवढं बघा. आठ दिवसांनी लिंपण तपासा. ताजा भुसा बाहेर आला असेल तर आत आणखी एक आहे. वाळलेल्या फांद्या हिरव्या लाकडापर्यंत कापून जाळून टाका, सरपण म्हणून अंगणात रचून ठेवू नका. बुंध्याला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी विळा बुडवून बघा. त्यावर तांबडा थर आला तर चुना कमी पडलाय. पण हे मी निफाड-मखमलाबादच्या माणसाला सांगायचं म्हणजे काशीला जाऊन गंगा दाखवणं झालं.

आता माझा नेहमीचा प्रश्न. भिरूड सहसा दुखावलेल्या झाडाकडे आधी जाते. दोन-तीन वर्षांत त्या बाजूला काय झालं? ट्रॅक्टरचा धक्का, पाइपलाइनचा चर, शेणाचा ढीग, पेटवलेला कचरा? आठवा. वाळलेली बाजू तीच असेल.

प्रश्न : आमच्या रस्त्याचं काम झालं, फुटपाथ नवा झाला. समोरच्या करंजाच्या मुळांवरून चर गेला आणि बुंध्यापर्यंत काँक्रीट आलं. यंदा पानं बारीक आली, शेंडे उघडे पडलेत. खत घालू का? (गंगापूर रोड)

खत नको. आजारी माणसाला पुरणपोळी वाढण्यासारखं होईल.

झाड उशिरा तक्रार करतं. चर आज जातो, मुळं आज तुटतात, पण झाडाजवळ साठवलेलं अन्न असतं, त्यावर ते एक-दोन वर्षं नेहमीसारखं दिसतं. मग पानं बारीक होतात, शेंडे वाळतात आणि लोक म्हणतात, "यंदा काहीतरी रोग आलाय." तोवर ठेकेदाराचं बिल निघून काळ लोटलेला असतो. सिंहस्थ 2027 चा म्हणून शहरात जागोजागी खोदाई चाललीय, त्यामुळे या प्रकारची पत्रं मला पुढची चार वर्षं येत राहतील, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

लोकांना वाटतं मूळ म्हणजे सोटमूळ, खाली पाताळात गेलेलं. पाणी आणि अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि पानोऱ्याच्या सावलीच्याही बाहेर पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, त्याचं कारण हेच. तुम्ही लेखी अर्जात तो दाखला द्या आणि बुंध्याभोवती किमान तेवढी माती मोकळी करून मागा. स्वतः पहार घेऊन फोडू नका. कायद्याचं राहू दे, पहारीने मुळं आणखी तुटतील.

माती मोकळी झाली की आठवड्यातून एकदा भरपूर, सावकाश पाणी. वर चार बोटं पालापाचोळा, पण बुंध्याला टेकवायचा नाही, वीतभर जागा सोडायची. वाळलेले शेंडे काढा, जिवंत पानाला हात लावू नका. करंज चिवट आहे. दोन पावसाळे बघू.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या जागेतल्या कडुनिंबाची पानं आमच्या गच्चीवर पडतात. आमच्या हद्दीत आलेल्या फांद्या आम्ही तोडू शकतो ना? (सातपूर)

नाही. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 सालचा आहे आणि तो खासगी अंगणातल्या झाडालाही लागू आहे. झाड "तोडणे" यात त्याला जाळणं, कापणं, कुठल्याही रीतीने इजा करणं, सगळं आलं. बुडाशी ॲसिड ओतणारे आणि गोल साल काढून ठेवणारे बहाद्दर मी पाहिलेत, त्यांच्यासाठीच ते शब्द आहेत. 2021 च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज झाडाचा दर्जा मिळालाय, म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांचा निंब त्यांच्या आजोबांनी लावला असेल तर प्रकरण आणखी वरचं. छाटणीसाठी तुमच्या विभागीय कार्यालयात उद्यान विभागाच्या नावाने अर्ज करा. फोटो जोडा, शेजाऱ्यांची सही घ्या. सहीसाठी गेलात की चहा होईल, निम्मं भांडण तिथेच मिटेल.

फांदी विजेच्या तारांत असेल तर ना तुम्ही, ना मी. महावितरणला कळवायचं. पावसात ओली काठी, ओला दोर आणि शिडी यांनी माणसं गेलेली आहेत.

बाकी, कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चची. महिनाभर झाडू मारावा लागतो आणि मग उन्हाळाभर गच्ची थंड राहते. हा व्यवहार मला तरी वाईट वाटत नाही.

प्रश्न : बंगल्यातल्या दोन नारळांची नवी झावळी कात्रीने कापल्यासारखी येते. कुणी मुद्दाम कापतंय का? (देवळाली कॅम्प)

कुणी कापत नाहीये, आजी. तो गेंड्या भुंगा. नाकावर शिंग असलेला, काळा. तो शेंड्यातल्या मिटलेल्या कोंबाला आडवं पोखरतो. कोंब उलगडला की पंख्याच्या घडीला कात्री लावावी तशी त्रिकोणी कापं दिसतात. शेंड्यात चढणारा माणूस बोलवा, तारेच्या आकडीने भुंगा ओढून काढा आणि वरच्या तीन-चार झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड मिसळून भरा. डांबरगोळ्या वाळूखाली ठेवल्या तरी चालतात.

मात्र भुंगा जन्मतो कुठे ते बघा. शेणखताच्या उकिरड्यात. तुमच्या पत्रातच आहे, की बागेसाठी दोन ट्रॉल्या शेणखत मागच्या अंगणात वर्षभर पडून आहे. तो ढीग उलटा करा, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या जाड अळ्या निघतील. कोंबड्या असतील तर सोडा, नसतील तर शेजारच्या मागवा.

खोडातून तपकिरी चिकट रस गळत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तो सोंड्या भुंगा, खोडाच्या आत. तेव्हा पत्र लिहू नका, त्याच दिवशी माणूस बोलवा.

प्रश्न : वटपौर्णिमेला आमच्या इथल्या वडाला सूत गुंडाळतात. सुनबाई म्हणते त्याने झाड मरतं. खरं का? (पंचवटी)

पाच वडांवरून ज्या जागेला नाव मिळालं, तिथून हा प्रश्न यावा, मजा वाटली. सुताने वड मरत नाही. सुती धागा एक-दोन पावसांत कुजून जातो. पण हल्ली दुकानात मिळतो तो धागा सुती असतोच असं नाही. जळत्या काडीला धरून बघा, गोळा होऊन वितळला तर नायलॉन. जाड वडाला त्यानेही फारसं होत नाही, कोवळ्या झाडाच्या सालीत मात्र तो रुततो आणि दोन वर्षांनी वरचा भाग वाळतो. पूजा झाली की चार दिवसांनी सुनेने कात्री घेऊन जावं आणि कोवळ्या वडांचे धागे सोडवावेत. व्रत मोडत नाही.

मला जास्त खुपतात त्या दोन गोष्टी वेगळ्याच. बुंध्याला टेकवून लावलेले कापूर आणि निरांजनं, त्याने साल भाजते आणि भाजलेली साल परत येत नाही. आणि घरी पूजायला म्हणून बाजारात विकायला आलेल्या वडाच्या फांद्या. सकाळी वीस रुपयांना घ्यायच्या, संध्याकाळी कचऱ्यात. त्या कुणाच्या तरी वडाच्या ओरबाडलेल्या असतात. त्यापेक्षा कुंडीत वडाची काडी खोचा, पावसात लागते, आणि पुढच्या वर्षी तिचीच पूजा करा.

थोडक्यात

सिडको, सप्तपर्णीच्या पानांवर गाठी : बारीक किडीचं काम आहे, झाड मरत नाही. गळालेली पानं गोळा करून टाका, फवारणीत पैसे घालू नका. ऑक्टोबरमधल्या वासाला माझ्याकडे उपाय नाही.

म्हसरूळ, पेरूच्या खोडावर जाळी आणि विष्ठेचे लांब पट्टे : साल खाणारी अळी. दिवसा भोकात लपते, रात्री जाळीखालून येऊन साल खाते. जाळी झाडूने झाडा, भोकात तार घाला, बोळा लावा. मखमलाबादचं उत्तर वाचा.

आडगाव, आंब्यावर बांडगूळ : पक्षी चिकट बी फांदीवर पुसून जातात, तिथे ते रुजतं. नुसती पानं ओढून उपयोग नाही. चिकटलेल्या जागेच्या फूटभर अलीकडे फांदीच कापा, बांडगुळाला फळं धरायच्या आत. जाड फांदीवर असेल तर छिन्नीने गाठ खणून काढावी लागते, आणि पुन्हा बघत राहावं लागतं.

अंबड, खोडावर वाळवीचे मातीचे बोगदे : ती बहुतेक वेळा मेलेली सालच खाते. बोगदे झाडून काढा आणि खालची साल जिवंत, ओली-हिरवी आहे का ते नखाने बघा. असेल तर निवांत झोपा.

"खोडाला गेरू-चुना लावू का?" विचारणाऱ्या चौघांना : दिसायला छान दिसतं, रात्री गाडीवाल्याला झाड दिसतं. ऑइल पेंट मात्र कुणी लावू नका. आणि खिळे उपटा, क्लासेसच्या पाट्यांसकट.

प्रश्न : नव्या घरापुढे यंदा झाडं लावायचीत. जमीन मुरमाड. पटकन सावली देणारं सांगा. (पाथर्डी फाटा)

"पटकन" हा शब्द खोडून पुन्हा विचारा, असं म्हणणार होतो. पटकन वाढणारं झाड पटकन मोडतं. दहा फुटांच्या मोकळ्या जागेत बहावा किंवा ताम्हण. ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल, त्याला पाणी थोडं जास्त लागतं. मुरमात आणि कमी पाण्यात करंज, कडुनिंब. कांचनही चालेल. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि नाशिक शहरात त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास, म्हणून घाटातलं झाड पाहून भाळू नका.

खड्डा तीन फूट लांब-रुंद-खोल आत्ताच खणून उन्हात तापू द्या. मुरूम बाहेर, पोयटा (गाळाची माती) आणि कुजलेलं शेणखत आत. दोन चांगले पाऊस पडून माती खाली बसली की लावा. पिशवी फाडून काढा. हसू नका, पिशवीसकट लावलेली झाडं मी दर वर्षी उपटून दाखवतो. मुळं गोल फिरलेली असतील तर बोटांनी मोकळी करा, नाहीतर दहा वर्षांनी तीच मुळं बुंध्याला फास लावतात. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत ठेवा, बुंधा पुरू नका. आधाराची काठी सैल बांधा, सुतळीने, तारेने नाही. लोखंडी जाळी लावलीत तर ती काढायची तारीख आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा.

प्रश्न : काका, जुन्या नाशकात आमचा वाडा आहे. गच्चीच्या भिंतीत पिंपळ उगवलाय, हातभर. आजी तोडू देत नाही, बाबा म्हणतात भिंत जाईल. (इयत्ता नववी)

बाबांचं बरोबर आहे. पिंपळाचं फळ पक्षी खातात आणि बी भिंतीच्या फटीत टाकतात. मूळ विटांच्या सांध्यातला चुना शोधत जातं आणि जाड होत होत विटा फाकवतं. आज हातभर आहे, पाच वर्षांनी गवंडी बोलवावा लागेल.

आजीचंही बरोबर आहे. म्हणून तोडायचा नाही, काढायचा. दोन दिवस सलग पाऊस झाला की भिंत भिजलेली असते, तेव्हा बाबांना छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन वर न्या. रोपाच्या दोन्ही बाजूंचा गिलावा हळू टोकरा. मूळ दिसलं की त्याच्या मागे मागे जा, ओढू नका. वीतभर मूळ मिळालं तरी पुरे, पिंपळ त्यावर जगतो. निम्मी पानं कात्रीने काढून टाका, रोप लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि कुंडीत लावून महिनाभर सावलीत ठेवा. मूळ तुटून आत राहिलं असेल तर ते शक्य तितकं खणून फट सिमेंटने बुजवा, नाहीतर दिवाळीत पुन्हा भेटेल. तो फुटवा दिसल्या दिवशीच काढायचा.

पुढे त्याला घरापासून निदान चाळीस फूट लांबची जागा लागेल. वाड्यात ती नसणार. मिळेपर्यंत कुंडी माझ्याकडे आणून ठेव. दुपारी चारनंतर ये, सकाळी मी झाडावर असतो. तुझा आला की माझ्या अंगणात असे बारा होतील.